परत लोटायची घाई

जुलै महिना, समुद्राला उधाण, आणि पुळणीवर ओंडके, थर्माकोल, तुटक्या जाळ्यांची गाठोडी यांच्यासोबत एक कासव येऊन पडलेलं. पावसाळ्यात कोकणातल्या किनारी गावांना हे दृश्य नवं नाही. चार माणसं जमतात, कुणीतरी मोबाइल काढतं, दोघं पुढे होऊन कासव उचलतात आणि कमरेइतक्या पाण्यात नेऊन सोडतात. टाळ्या पडतात. लाट त्याला परत आणून टाकते. मग पुन्हा उचलायचं, आणखी आत न्यायचं. कधीतरी ते परत येत नाही, आणि मंडळी समाधानाने घरी जातात.

अशी कित्येक कासवं त्यानंतर काही तासांत बुडून मरतात.

समुद्री कासव बुडून मरतं हे अनेकांना खरंच वाटत नाही. पण त्याला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुप्फुसं असतात, आणि श्वासासाठी त्याला पाण्यावर डोकं काढावंच लागतं. धडधाकट कासवाला हे काहीच जड नसतं. अंगात त्राण नसलेल्या कासवाला मात्र लाटांमध्ये डोकं वर काढणं हेच सगळ्यात मोठं कष्टाचं काम होऊन बसतं. ते किनाऱ्याला लागलेलं असतं ते पोहणं जमेनासं झालं म्हणून. त्याला पुन्हा खोल पाण्यात सोडणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला विहिरीत उतरवण्यासारखं आहे.

मागच्या प्रकरणात आपण विणीचा हंगाम पाहिला. कोकणात ऑलिव्ह रिडलेच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, बहुतेक रात्रीच्या अंधारात, अंडी घालायला येतात आणि काम उरकून आपल्या पायांनी परत जातात. नर तर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात शिरला की सहसा जमिनीवर येतच नाही. म्हणजे भर पावसात, दिवसाढवळ्या, वाळूवर निपचित पडलेलं कासव दिसलं तर ते आजारी किंवा जखमी आहे असंच धरून चालावं. पावसाळी वारे अरबी समुद्रावरून थेट आपल्या किनाऱ्यावर येतात आणि दूर समुद्रात अशक्त होऊन तरंगत असलेली कासवं सोबत ढकलत आणतात. दुखणं कुठेतरी आत, कदाचित काही आठवड्यांपूर्वी सुरू झालेलं असतं. आपल्याला दिसतो तो त्याचा शेवटचा टप्पा.

दुसऱ्या प्रकारचा रुग्ण येतो तो थेट जाळ्यातून. ट्रॉलरचं जाळं तास-दोन तास तळाशी ओढलं जातं. त्यात अडकलेलं कासव जीव खाऊन धडपडतं. एरवी शांतपणे बुडी मारून बराच वेळ खाली राहणारा हा प्राणी धडपडीत अंगातला प्राणवायू झपाट्याने संपवतो, रक्तात आम्ल साचतं, आणि जाळं वर येतं तेव्हा कासव निश्चल पडलेलं असतं. खलाशी म्हणतात, मेलं. आणि ते समुद्रात टाकून देतात. पण ते मेलेलं असेलच असं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचं शरीर अतिशय कमी खर्चात चालतं. अशा बेशुद्धीत श्वास आणि हृदयाचे ठोके इतके मंद होतात की वरून काहीच कळत नाही. अमेरिकेत मच्छीमारांसाठी जे नियम आहेत त्यांत यावर साधा तोडगा आहे: अंग ताठलेलं नसेल किंवा सडायला लागलेलं नसेल, तोपर्यंत कासव बेशुद्ध आहे असंच समजायचं. त्याला पोटावर ठेवायचं, मागची बाजू वीतभर उंच करायची म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निथळून जातं. अंगावर ओलं फडकं, वर सावली. अधूनमधून कवचाची एक कड जराशी उचलून खाली ठेवायची, मग दुसरी. डोळ्याजवळ हळूच बोट लावून किंवा शेपटीला चिमटा घेऊन हालचाल होते का ते पाहायचं. आणि थांबायचं. किती? चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत.

एक पूर्ण दिवस बोटीवर कासव ठेवून घ्यायचं हे तांडेलाला सांगायला मलाही अवघड जाईल. डेकवर पाय ठेवायला जागा नसते, बर्फ वितळत असतो, डिझेल जळत असतं. पण यातली निम्मी कासवं जरी दोन-चार तास सावलीत ठेवली गेली तरी फरक पडेल.

जाळ्यातून जिवंत निघालेल्या आणि वळवळणाऱ्या कासवाचं काय? ते लगेच सोडलेलं बरं, असं जाणकारही वर्षानुवर्षं मानत आले. २०१४ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पशुवैद्यांनी या समजुतीला धक्का दिला. मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडलेल्या लॉगरहेड कासवांच्या रक्तात आणि अवयवांत त्यांना वायूचे बुडबुडे सापडले. खोल पाण्यातून भराभर वर आलेल्या पाणबुड्यांना जो आजार होतो तोच. एरवी कासवाचं शरीर बुडी मारताना फुप्फुसांकडचा रक्तप्रवाह आवरून धरतं, पण जाळ्यातल्या धडपडीत ही यंत्रणा कोलमडते. म्हणजे होडीवरून पोहत गेलेलं, सगळ्यांनी सुटलं म्हणून हात जोडलेलं कासव काही तासांनी मरू शकतं. व्हॅलेन्सियात अशा कासवांना पाणबुड्यांसारखंच दाबाच्या खोलीत ठेवून बरं केलं गेलं.

आता उपचार केंद्रात काय होतं ते पाहू. महाराष्ट्रात डहाणूला वन विभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक संस्था मिळून जखमी समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध केंद्र म्हणजे अमेरिकेत फ्लोरिडाच्या मॅरेथॉन गावातलं टर्टल हॉस्पिटल. रिची मोरेटी नावाच्या मोटेलमालकाने ते १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे कासवांसाठी स्वतंत्र रुग्णवाहिका आहे. ठिकाण कुठलंही असो, नवा रुग्ण आला की पहिली गोष्ट सहसा एकच असते: त्याला लगेच खोल टाकीत सोडत नाहीत. डोकं उचलता येत नसेल तर ते ओल्या टॉवेलखाली, जाड फोमवर किंवा टायरवर पोटाकडून टेकवून ठेवतात. उताणं कधीच ठेवायचं नाही, कारण कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागूनच असतात आणि उताणं केलं की आतड्यांचा सगळा भार त्यांच्यावर येतो.

मग तपासणी. डोळे खोल गेलेत का, पोटाकडचं कवच आत दबलंय का, मानेजवळची चरबी झडलीय का. अनुभवी माणूस कवचावर किती बार्नेकल चिकटलेत त्यावरूनही बरंच काही सांगतो. जोमाने पोहणाऱ्या कासवावर ते थोडे असतात. पाठच काय, पण डोकं, पाय आणि मऊ कातडीसुद्धा बार्नेकलांनी झाकली गेली असेल तर हे कासव बरेच दिवस नुसतं तरंगत होतं. त्यावरचा उपाय फार स्वस्त आहे: गोडं पाणी. काही तास ते एखादा दिवस उथळ गोड्या पाण्यात ठेवलं की खाऱ्या पाण्यातले बार्नेकल आणि जळवा मरून सुटायला लागतात. कासव ते पाणी पितंही, आणि सुकलेल्या शरीरात पाणी पोहोचतं. जोराने खरवडायचं नाही, नाहीतर खालची कातडी बार्नेकलसोबत निघते.

रक्त घ्यायचं तर पायाची शीर शोधत बसत नाहीत. मान ताणून डोकं जरा खाली धरतात आणि मानेच्या वरच्या बाजूला, मधल्या रेषेच्या डाव्या-उजव्या अंगाला सुई सरळ खाली घालतात. आत मोठी रक्तवाहिनी असते, पण बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. सगळा अंदाजाचा आणि हाताच्या सवयीचा भाग. रक्तातली साखर, क्षार, तांबड्या पेशी पाहिल्या की पुढचा रस्ता ठरतो.

हा रस्ता लांबचा असतो. कासवाचा वेग पाण्याच्या तापमानावर अवलंबून, आणि पचन, जखम भरणं, औषध शरीराबाहेर पडणं, सगळं त्याच वेगाने. सेफ्टाझिडीम नावाचं प्रतिजैविक माणसाला दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं. तेच समुद्री कासवाला तीन दिवसांतून एकदा टोचतात. आपल्या हिशेबाने डोस वाढवला तर मूत्रपिंडं धोक्यात. अन्नाचंही तसंच. उपाशी कासव पाहिलं की कुणालाही वाटतं, याला पोटभर माकूल आणि तारली घालावी. पण दीर्घ उपासानंतर एकदम अन्न पोटात गेलं तर रक्तातल्या फॉस्फेट-पोटॅशियमचा तोल इतका बिघडतो की जगू शकलं असतं असं कासव खाऊन मरतं. म्हणून आधी सलाइन, मग नळीने पातळ पेज, मग मासळीचा लहानसा तुकडा. हिरव्या कासवाला, जे मोठेपणी मुख्यतः समुद्रगवत आणि शेवाळ खातं, लेट्युससारखा पाला आणि काकडीसुद्धा देतात. एखाद्या पेशंटने दोन आठवड्यांनी स्वतःहून पहिला घास घेतला की केंद्रातल्या माणसांना काय आनंद होतो हे लग्नघरातल्या लोकांनाच समजेल.

जखमांमध्ये सगळ्यात वाईट जाळ्याच्या. नायलॉनचा दोर वल्ह्यासारख्या पुढच्या पायाभोवती गुंडाळला जातो, कासव पोहत राहतं, आणि प्रत्येक वल्ह्यागणिक दोर कातडीतून स्नायूत, स्नायूतून हाडापर्यंत उतरतो. रक्तपुरवठा तुटून पाय सडतो. दोर कापून मोकळं केलेलं कासव बाहेरून बरं दिसलं तरी पाय गेलेला असू शकतो, आणि जिवंत भाग कुठे संपतो ते कळायला काही दिवस लागतात. तोवर जखम धुणं आणि पट्ट्या. अनेक केंद्रांत जखमेवर मध लावतात. मध पाणी शोषून घेतो आणि जंतूंना वाढू देत नाही. पाय कापावाच लागला तरी सगळं संपत नाही. तीन पायांच्या माद्या किनाऱ्यावर येऊन घरटं करताना पाहिल्या गेल्या आहेत.

गिळलेल्या गळाचा आणि दोरीचा प्रकार वेगळा. कासवाच्या अन्ननलिकेत आतून बोटभर, टोकदार काटे असतात, सगळे पोटाच्या दिशेने वळलेले. घासासोबत आलेलं खारं पाणी बाहेर टाकायचं आणि घास मात्र आत अडकवून ठेवायचा, यासाठी ही सोय. त्यामुळे आत गेलेलं प्लास्टिक किंवा दोरी सहजी उलटून पडत नाही. तोंडातून किंवा मागून दोरीचं टोक लोंबताना दिसलं तर ते ओढायचा मोह होतो. कधीही ओढू नये. दुसरं टोक आत कुठेतरी गळाने रुतलेलं असतं, आणि मधलं आतडं नाडी ओढल्यासारखं गोळा होऊन कापलं जातं.

आणि मग तरंगणारी कासवं. पाण्यात सोडलं की मागची बाजू वर, डोकं खाली, कितीही पाय मारले तरी बुडीच मारता येत नाही. कधी आतड्यात वायू साठलेला असतो, कधी होडीच्या पंख्याने कवच फुटून फुप्फुसाला भोक पडतं आणि हवा शरीराच्या पोकळीत जमते. एक्स-रे काढून कुठली हवा कुठे आहे ते शोधतात, सुईने काढतात, ती पुन्हा भरते, पुन्हा काढतात. काहींच्या कवचावर वजनं चिकटवून त्यांना पाण्याखाली समतोल राहायला मदत करतात. अशी वजनं लावलेली कासवं जन्मभर टाकीत राहतात, कारण कवच वाढलं, वरचा थर सुटला की वजन गळून पडणार, आणि ते पुन्हा लावायला समुद्रात कोण जाणार?

मालदीवमध्ये या तरंगणाऱ्या रुग्णांची गाठ फार पडते. तिथली मासेमारी मुख्यतः गळाने ट्यूना पकडायची, मोठी जाळी जवळजवळ नाहीतच. तरीही जाळ्यांत गुंतलेली ऑलिव्ह रिडले कासवं तिथे पावसाळी वारे आणि प्रवाहांबरोबर वाहत येतात. शेजारच्या समुद्रांतून सुटून आलेल्या, कुणाच्याही नसलेल्या जाळ्यांत. या एकाच प्रश्नासाठी २०१३ मध्ये ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट ही संस्था उभी राहिली आणि २०१७ पासून बा प्रवाळबेटांच्या समूहात तिचं उपचार केंद्र आहे. आपल्या किनाऱ्यावर तुटलेल्या जाळ्याचा तुकडा 'जाऊ दे' म्हणून समुद्रात सोडणाऱ्याला तो कुठे जातो याचा पत्ता नसतो. मालदीवच्या पशुवैद्यांना तो असतो.

ज्यांना परत जाताच येणार नाही त्यांच्याबद्दल मतं वेगळी आहेत. जपानमध्ये कोबेला ठेवलेल्या यू नावाच्या मादीच्या पुढच्या दोन्ही पायांचा काही भाग शार्कने खाल्ला होता. तिच्यासाठी रबरी पाय बसवलेलं जाकीट अनेक प्रयत्नांती २०१३ मध्ये तयार झालं. डहाणूतही कृत्रिम पायाचा प्रयोग झाला. मला या प्रयोगांचं कौतुक आहे, पण माझ्या मते ते समुद्रात परत जाण्याचं साधन नव्हेत. पट्टा सैल झाला, त्याखाली कातडी सोलवटली, की जाळ्याचं काम जाकीटच करणार.

सोडण्यायोग्य कोण, हे ठरवताना कासव खोल टाकीत नीट बुडी मारतं का, तळाशी स्वस्थ बसतं का, जिवंत खेकडा स्वतः पकडतं का, रक्त ठीक आलंय का, हे पाहतात. कासव टाकीत किती वर्षं होतं हे मात्र फारसं महत्त्वाचं नाही, हे योशी नावाच्या मादीने दाखवलं. १९९७ मध्ये एका जपानी मासेमारी बोटीने केपटाऊनच्या टू ओशन्स मत्स्यालयात लहानसं लॉगरहेड आणून दिलं. वीस वर्षं ते टाकीत वाढलं, माणसाच्या हातून खाल्लं. डिसेंबर २०१७ मध्ये उपग्रह-ट्रान्समीटर लावून तिला सोडलं, आणि दोनेक वर्षांत हिंद महासागर ओलांडून ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याशी पोहोचली. तिच्या एकूण पोहण्याची नोंद ३७ हजार किलोमीटरच्या पुढे गेली. पण अशी नोंद क्वचितच हाती येते. सोडलेली बहुतेक कासवं ट्रान्समीटरविना जातात, आणि त्यांचं पुढे काय झालं ते फक्त पायावरचा धातूचा बिल्ला कधी पुन्हा दिसला तरच कळतं. बिल्ला क्षुल्लक वाटतो, पण मार्च २०२१ मध्ये ओडिशात ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रिडले वेगवेगळ्या, असं धरून चालणाऱ्यांना त्या एका पत्र्याच्या तुकड्याने विचार करायला लावलं.

सोडण्याच्या समारंभाबद्दल एक गाऱ्हाणं. पाहुणे यायला उशीर, फोटोसाठी कासव उचलून धरायचं, भर दुपारच्या तापल्या वाळूवर भाषण. ज्याला महिनोन्महिने आवाज आणि उन्हापासून जपलं, त्याचा शेवटचा तास असा का घालवायचा?

एवढा खर्च आणि श्रम एकेका कासवासाठी करण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञही विचारतात, आणि तो रास्त आहे. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, मग दहा घरटी जपणं जास्त सोपं नाही का? १९८७ मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या तिघांनी लॉगरहेड कासवांच्या आयुष्याचं गणित मांडलं. निष्कर्ष तेव्हाच्या संवर्धकांना रुचणारा नव्हता: किनाऱ्यावरची सगळी अंडी वाचवली तरी घटती संख्या सावरत नाही, पण समुद्रातली मोठी, वयात येऊ घातलेली कासवं मरायची थांबली तर सावरते. कारण उघड आहे. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं. ऑलिव्ह रिडलेला वयात यायला दहा ते पंधरा वर्षं लागतात. एवढं सगळं निभावून आलेली मादी हजारो अंड्यांची मालकीण असते, आणि डहाणूच्या टाकीत किंवा ट्रॉलरच्या डेकवर पडलेली असते ती बहुधा हीच. वेळासच्या कासव महोत्सवाला गर्दी होते, पिल्लांचे फोटो गावोगाव जातात, ते चांगलंच आहे. पण त्या आईला कुणी टाळ्या वाजवत नाही.

हेच गणित पुढे नेलं तर रुग्णालयापेक्षा जाळं महत्त्वाचं ठरतं. ट्रॉलच्या जाळ्यात मध्ये तिरपी जाळी-चौकट बसवली की कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव चौकटीला अडून वरच्या किंवा खालच्या दारातून बाहेर पडतं. या उपकरणाचं भारतीय रूप कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने बनवलं आहे. आपल्या ट्रॉलरवर ते सर्रास वापरात नाही, आणि या कारणावरून अमेरिकेने भारतात समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली आहे. 'दारातून मासळीही जाते' ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही, पण कासवाचं ओझं, फाटलेलं जाळं आणि बुडालेला बाजार यांचा हिशेब मांडला तर तोटा कुठे जास्त आहे ते दिसतं.

महाराष्ट्राने मच्छीमारांना या हिशेबात घेतलं ही गोष्ट मात्र खरी मोलाची. डिसेंबर २०१८ पासून राज्यात योजना आहे: जाळ्यात सापडलेलं संरक्षित कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून मोबाइलवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती राबवतात. तुमच्या बंदरातल्या तांडेलांना ही योजना माहीत नसेल तर सांगा.

आणि किनाऱ्यावर कासव दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. गाव, किनाऱ्याचं नाव आणि जवळची खूण सांगा. वन विभाग येईपर्यंत कासवाला सावलीत पोटावर ठेवा, डोळे-नाक मोकळं सोडून अंगावर ओलं कापड टाका, कुत्री आणि गर्दी लांब ठेवा. पाजू नका, भरवू नका. घरी नेणं तर कायद्यानेही गुन्हा आहे, कारण सगळी समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.